रोल संपल्यावरचा फोटो

मित्रांनो, माझ्यासारखा कॅमेरा तुमच्यापैकी पुष्कळांनी हातातही धरला नसेल. माझ्या पाठीवर चित्र दिसणारी काच नाही. काढलेला फोटो लगेच बघता येत नाही, आणि आवडला नाही म्हणून पुसूनही टाकता येत नाही. मी जुना, रोलवर चालणारा कॅमेरा आहे. पोटात रोल घालायचा, प्रत्येक फोटोनंतर अंगठ्यानं दांडी ओढून तो पुढे सरकवायचा, आणि संपला की धुवायला द्यायचा, अशी माझी रीत. आता मला कोणी वापरत नाही, आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही. पण मी एका आईला पाहिलं आहे. तिची गोष्ट माझ्याबरोबर संपून जाऊ नये, म्हणून आज तुमच्याशी बोलतो.

माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या एका बाईंनी मला भिंग बसवलं आणि ते नीट बसलं का हे पाहायला मला खिडकीकडे वळवलं. बाहेर दोरीवर कपडे वाळत होते. मी पाहिलेलं पहिलं जग ते. मग खोका, आगबोट, आणि लंडनमधल्या एका दुकानाची काच. तिथून मला राजीव टिपणीस यांनी घेतलं. ते हिशेबनिसाची नोकरी करायला पुण्याहून आले होते आणि वॉटफर्डला राहत होते.

सुरुवातीची वर्षं आनंदाची होती. साडीवर ओव्हरकोट घालून बर्फात उभ्या राहिलेल्या अर्चनाबाई, म्हणजे राजीव यांच्या पत्नी, मी टिपल्या. त्यांचा पहिला फ्रिज टिपला, मागच्या अंगणातलं सफरचंदाचं झाड टिपलं. ते फोटो पुण्याला जात आणि तिकडे घरोघर फिरत. मग त्यांना मुलगी झाली, वैभवी. तिचा पहिला दात, पहिली शाळा, शाळेच्या नाटकात मेंढी झालेली ती, सगळं माझ्याच डोळ्यांतून गेलं आहे.

वैभवीला हिशेबात गोडी नव्हती. तिला मी हवा होतो. कॉलेजात ती फोटोग्राफी शिकायला लागली तेव्हा राजीव यांनी मला तिच्या हातात दिलं.

"बाबा, म्हणजे हा कॅमेरा आता माझी?"

"माझी नाही गं. माझा."

"ओके, माझा," वैभवी हसून म्हणाली. मराठी बोलताना ती अशीच अडखळायची आणि राजीव तिला दर वेळी सुधारायचे. तो त्या दोघांचा खेळच होता.

पुढे ती शाळांमधले फोटो काढू लागली. हॉलमध्ये निळा पडदा लावायचा, स्टूल ठेवायचं, मुलं एकेक करून यायची. कोणाचा टाय वाकडा, कोणाच्या ओठांवर जॅम. वैभवी प्रत्येकाचं नाव विचारायची आणि मगच बटण दाबायची. कधी हेडटीचर एखाद्या मुलाला अलगद बाजूला घेऊन जायच्या. "याच्या आईची सही आलेली नाही, याचा फोटो नको." वैभवी मान डोलवायची आणि पुढच्या मुलाला बोलवायची. आईची परवानगी नाही तर फोटो नाही. इतकं साधं होतं ते.

दोन हजार एक साल संपता संपता एका मदतसंस्थेनं तिला बोलावलं. आफ्रिकेतल्या मलावी देशात दुष्काळ पडला होता. संस्थेला तिथल्या शाळांचे, मुलांचे, कुटुंबांचे फोटो हवे होते. वैभवीला तोवर एवढं मोठं काम मिळालं नव्हतं. ती घरात नाचली. अर्चनाबाईंनी बॅगेत मेथीचे ठेपले भरले. राजीव यांनी माझी लेन्स फुंकर मारून, मऊ फडक्यानं पुसून दिली.

नव्या वर्षाच्या सुरुवातीला आम्ही झोम्बा शहराच्या पलीकडच्या एका लहानशा गावात पोचलो. पाऊस नुकताच उघडला होता. शेतात मका हिरवागार होता, पण कणसं कोवळी होती. ती पिकेपर्यंत घरात खायला काही नाही, असे ते दिवस होते. दुरून पाहिलं तर कोणाला खरं वाटलं नसतं की एवढ्या हिरव्या गावात लोक उपाशी आहेत.

संस्थेच्या हेलनबाई आमच्याबरोबर होत्या. फोटो निघणार ही बातमी गावात आधीच पोचली होती. आणि मित्रांनो, काय सांगू! आम्ही शाळेपाशी उतरलो तर सगळा गाव नटून उभा होता. मुलांच्या अंगाखांद्यांना तेल लावून ती चकचकीत केली होती. बायकांनी डोक्याला फडकी घट्ट बांधली होती. पुरुषांत एक कोट होता, तो एकाचा फोटो झाला की दुसरा घालायचा. कोणी हसत नव्हतं, कारण फोटो ही त्यांच्यासाठी गंभीर गोष्ट होती. पाठ ताठ, हात सरळ, नजर माझ्यावर. ज्यांच्या घरी खायला मूठभर पीठ नव्हतं, ती माणसं माझ्यासमोर अशी उभी होती जशी तुमच्याकडे लग्नघरातली वडीलधारी उभी राहतात.

त्या गर्दीत सात वर्षांची तामांडा होती. तिच्याकडे काळे, बक्कलवाले बूट होते. तिची मावशी इंग्लंडमध्ये नर्स होती, तिनं ते पाठवले होते. तामांडा ते बूट फोटोपुरते प्रत्येक मुलीला घालायला देत होती आणि फोटो झाला की परत घेऊन गवतानं पुसत होती. आपला नंबर तिनं शेवटी ठेवला होता.

तिची आई एस्नात शाळेच्या भिंतीला टेकून बसली होती. ती आजारी होती. फार वेळ उभं राहणं तिला जमत नव्हतं, म्हणून शाळेच्या मास्तरांनी तिच्यासाठी आतून खुर्ची आणली. तामांडा बूट घालून आईशेजारी येऊन उभी राहिली.

हेलनबाई वैभवीच्या कानाशी म्हणाल्या, "हे बूट नकोत."

"पण तिचेच आहेत ते," वैभवी म्हणाली.

"असतील. पण पोस्टर पाहणारा म्हणेल, हिला काय कमी आहे? वैभवी, आपण इथे अल्बम करायला आलेलो नाही. बूट काढायला सांग."

काम नवं होतं, हेलनबाई अनुभवी होत्या. वैभवीनं मास्तरांना तसं सांगितलं. मास्तर इंग्रजीतून त्यांच्या भाषेत सांगायचे, पण हे वाक्य सांगायला त्यांनी वेळ घेतला. शेवटी त्यांनी सांगितलं तेव्हा ते तामांडाकडे पाहत नव्हते.

तामांडानं बूट काढले. ते आईच्या मांडीवर ठेवले आणि ती पुन्हा नीट उभी राहिली. सगळ्या मुलींनी तिचे बूट घालून फोटो काढले होते, आणि तिलाच ते काढायला सांगितले होते. तिचा खालचा ओठ थरथरला, डोळे भरून आले. खुर्चीतून वाकून आईनं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि ती दुसऱ्या हातानं तिचा गाल पुसायला गेली. तेवढ्यात वैभवीनं बटण दाबलं.

त्या फोटोत सगळं होतं. रडणारी तामांडा होती, वाकलेली आई होती, आईच्या मांडीवरचे बूट होते. मी काहीही कापलं नव्हतं. मला कापता येत नाही.

संध्याकाळ होत आली. नदीला पाणी चढतंय, लवकर निघा, असं ड्रायव्हर सांगत होता. वैभवीजवळचा शेवटचा रोल संपला. तिनं तो गुंडाळून माझ्या पोटातून काढला आणि डबीत ठेवला. मी रिकामा झालो.

तेव्हा एस्नात आली. ती घरी जाऊन आली होती. तिनं निळं, पिवळ्या पक्ष्यांचं कापड नेसलं होतं आणि डोक्याला त्याच कापडाचं फडकं बांधलं होतं. तिच्या हाताला धरून तामांडा होती, पायात बूट घालून. एवढं चालून एस्नातला धाप लागली होती. ती मास्तरांशी बोलली.

मास्तर म्हणाले, "ती म्हणते, मघाशी मुलगी रडली. आता नीट काढा. आम्ही दोघी उभ्या राहतो. माझ्या बहिणीला इंग्लंडला पाठवायचा आहे."

"रोल संपला," वैभवी हेलनबाईंना हळूच म्हणाली. "मी सांगते तिला."

"आता नाही म्हणून तिचा चेहरा कशाला पाडतेस? नुसतं बटण दाब. तिला तेवढाच आनंद. चल, उशीर होतोय."

हेलनबाई हे दुष्टपणानं बोलल्या नाहीत. त्यांना खरंच वाटलं की हीच दया आहे. वैभवीनं मला डोळ्याला लावलं. समोर दोघी उभ्या राहिल्या. तिनं बटण दाबलं. माझा पडदा उघडला, उजेड आत आला, माझ्या रिकाम्या पाठीवर पडला आणि निघून गेला.

"झिकोमो," एस्नात म्हणाली. म्हणजे आभारी आहे. मग तिनं विचारलं, फोटो कधी येईल?

"लवकर," वैभवी म्हणाली.

इंग्लंडला परतल्यावर सगळे रोल संस्थेकडे गेले. हिवाळा आला तेव्हा पोस्टर लागले. बसस्टॉपवर, स्टेशनांवर, भिंतींवर तामांडा होती. एकटी. अनवाणी. गालावर अश्रू. आई कापून टाकली होती. खांद्यावर आईची बोटं तेवढी राहिली होती, ती कोणाच्या लक्षात येण्यासारखी नव्हती. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'तिचं या जगात कुणी नाही.'

रविवारच्या एका वर्तमानपत्रातही तो फोटो आला आणि त्याखाली वैभवीचं नाव होतं, वैभवी टिपणीस, वॉटफर्ड. माझ्या आयुष्यात मला मिळालेली सगळ्यात मोठी वाहवा तीच. तिथल्या महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात लोक राजीव यांचे हात हातात घेऊन म्हणाले, "मुलीनं नाव काढलं हो." मला दिवाणखान्यात काचेच्या कपाटात ठेवलं. येणाऱ्या पाहुण्यांना अर्चनाबाई मला दाखवायच्या.

एकदा त्यांनीच विचारलं, "वैभू, खरंच गं कुणी नाही तिला?"

वैभवी म्हणाली, "मम्मी, पोस्टरवर असंच लिहितात." आणि उठून आत गेली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, एका रविवारी दुपारी, दारावरची बेल वाजली. राजीव यांनी दार उघडलं. बाहेर गर्द हिरवा कोट घातलेली एक आफ्रिकन बाई उभी होती. हातात वर्तमानपत्राची घडी होती.

"मी लव्हनेस," ती इंग्रजीत म्हणाली. "लेस्टरहून आलेय. मी नर्स आहे. फोनच्या पुस्तकात वॉटफर्डला टिपणीस एकच होते. वैभवी टिपणीस इथेच राहतात का?"

राजीव यांनी तिला आत घेतलं. बाहेर गारठा होता, अर्चनाबाईंनी चहा ठेवला. वैभवी जिन्यावरून खाली आली. लव्हनेसनं घडी उलगडून टेबलावर ठेवली आणि फोटोवर बोट टेकवलं.

"ही तामांडा. माझ्या बहिणीची मुलगी."

वैभवी खुर्चीवर बसली.

"माझ्या घरासमोरच्या बसस्टॉपवर हिचा पोस्टर आहे," लव्हनेस म्हणाली. "रोज सकाळी रात्रपाळी संपवून मी त्या स्टॉपवर उतरते. रोज सकाळी ती समोर रडत असते आणि खाली लिहिलेलं असतं, तिचं कुणी नाही. मी कोण मग? तिला वह्या मी पाठवते, कपडे मी पाठवते. बूटही पाठवले होते. तुम्ही गेलात तेव्हा बूट नव्हते का तिच्या पायात?"

"होते," वैभवी म्हणाली.

"आणि हे बघा." लव्हनेसचं बोट तामांडाच्या खांद्यावर सरकलं. "ही बोटं. ही माझ्या बहिणीची, एस्नातची. मी ओळखते ना. ती शेजारीच होती. ती जूनमध्ये गेली. माझा पासपोर्ट व्हिसाच्या कामात अडकला होता, मला मातीलाही जाता आलं नाही."

अर्चनाबाईंनी पदर तोंडाला लावला. लव्हनेसनं चहाचा कप उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

"भांडायला नाही आले मी. एस्नात दवाखान्यात यायची तेव्हा तिथल्या नर्स तिला माझ्याशी फोनवर बोलू द्यायच्या. ती सांगायची, आमचा फोटो काढलाय. आम्ही दोघी उभ्या आहोत. मी निळं कापड नेसलेय, तामांडाच्या पायात तुझे बूट आहेत. इंग्लंडहून तो फोटो येणार आहे. प्रत्येक वेळी विचारायची, तुझ्याकडे आला का गं? शेवटच्या फोनलाही तेच विचारलं. माझ्याकडे तिचा फोटोच नाही. लग्नातला एक होता, तो घर गळून भिजला. मी तो फोटो न्यायला आलेय. दोघी उभ्या आहेत तो."

मी काचेआडून सगळं ऐकत होतो. त्या घरात खरं दोघांनाच माहीत होतं, वैभवीला आणि मला. आणि कॅमेऱ्याला तोंड नसतं, मित्रांनो.

वैभवीनं वर्तमानपत्राची घडी घातली. मग म्हणाली, "शोधते मी. सगळं सामान संस्थेकडे आहे. शोधून कळवते."

लव्हनेसनं तिचे दोन्ही हात धरले. "झिकोमो," ती म्हणाली.

त्यानंतर वैभवीचं जेवणावरचं लक्ष उडालं. लव्हनेसचा फोन यायचा, ती म्हणायची, "अजून शोधतेय." फोन ठेवला की बराच वेळ त्याच्याकडे पाहत बसायची. शेवटी एका संध्याकाळी राजीव तिच्यासमोर येऊन बसले.

"वैभवी, काय झालंय? खरं सांग."

"बाबा, तो फोटो नाहीच आहे." ती रडायला लागली. "रोल संपला होता. मी खोटा खोटा बटण दाबली. तिची आईला बरा वाटावं म्हणून. माझा चूक झाला, बाबा."

त्या दिवशी राजीव यांनी तिचं मराठी सुधारलं नाही.

स्वयंपाकघराच्या दारातून अर्चनाबाई म्हणाल्या, "मग सांग ना, फोटो खराब झाला म्हणून. बिचारी आधीच बहिणीच्या दुःखात आहे. आणखी कशाला?"

"नाही," राजीव म्हणाले. "एकदा त्या बाईला बरं वाटावं म्हणून फसवलं. आता हिला बरं वाटावं म्हणून फसवायचं? कुठवर? वैभवी, तू स्वतः जा आणि सांग. ती रागावेल. रागावू दे. तिचा तो हक्क आहे."

दुसऱ्या दिवशी वैभवीनं हेलनबाईंना फोन केला. तिनं दोन गोष्टी मागितल्या. तामांडाच्या फोटोची अख्खी निगेटिव्ह परत द्या, आणि पोस्टर उतरवा.

निगेटिव्ह द्यायला हेलनबाई लगेच तयार झाल्या. पोस्टरबद्दल मात्र म्हणाल्या, "त्या पोस्टरमुळे त्याच जिल्ह्यात धान्याचे ट्रक जातायत, वैभवी. मी काय लिहायला हवं होतं? हिला आई आहे, मावशी आहे, बूट आहेत? बसस्टॉपवर कोण थांबलं असतं?"

वैभवीनं फोन ठेवला. आणि मित्रांनो, हेही सांगायला हवं. धान्य खरंच गेलं, मुलं खरंच जेवली. पण ज्या मुलीच्या चेहऱ्यावर ते मागितलं, तिची आई मात्र कात्रीखाली गेली. पोस्टर उतरले ते त्यांची मुदत संपल्यावर. त्या जागी दुसऱ्या कोणाचं तरी मूल आलं.

वैभवीनं अख्खा फोटो मोठा करून घेतला, कागदात गुंडाळला, मला गळ्यात अडकवलं आणि लेस्टरची गाडी धरली. बेलग्रेव्ह रोडच्या साड्यांच्या आणि मिठाईच्या दुकानांमागच्या बसच्या रस्त्यावर, वरच्या मजल्यावर लव्हनेस भाड्यानं राहत होती. तिनं टेबल पुसून मोकळं करून ठेवलं होतं. फोटो ठेवायला.

वैभवीनं आधी गुंडाळी उघडली नाही. ती म्हणाली, "तुम्ही मागितला तो फोटो नाही. तो कधी नव्हताच. कॅमेऱ्यात रोल नव्हता, आणि ते मला माहीत होतं. तरी मी बटण दाबलं. आणि तुम्हाला शोधते म्हणून सांगितलं, तेही खोटं होतं."

खाली रस्त्यावर बस थांबल्याचा आवाज आला, आणि बस निघूनही गेली. लव्हनेस उठून खिडकीशी गेली आणि पाठ करून उभी राहिली.

"ती वाट पाहत होती," ती म्हणाली. "पार शेवटपर्यंत."

वैभवीनं मान खाली घातली. जायला सांगितलं तर जायचं, असं ठरवूनच ती आली होती. पण लव्हनेस परत येऊन खुर्चीवर बसली. तिचे डोळे लाल झाले होते, पण आवाज शांत होता.

"तेव्हा तू यातून पाहिलंस ना?" तिनं माझ्याकडे बोट केलं. "मग सांग. काय दिसलं ते सगळं सांग. ते पाहणारी तू एकटीच आहेस."

आणि वैभवी सांगू लागली. निळं कापड. त्यावरचे पिवळे पक्षी. डोक्याचं फडकं डाव्या कानावर जरा खाली आलं होतं. एस्नातला धाप लागली होती, पण मला डोळ्याला लावताच तिनं श्वास रोखून धरला होता. तिनं हनुवटी वर केली होती.

"हनुवटी वर करायचीच ती," लव्हनेस मध्येच म्हणाली. "आई ओरडायची त्यावरून. मग? हसली का?"

"आधी नाही. तामांडानं बूट एकमेकांवर टकटक वाजवले. तेव्हा तिनं खाली पाहिलं आणि हसली. मी त्याच वेळी बटण दाबलं."

लव्हनेसनं डोळे मिटून घेतले. वैभवी बोलत राहिली, आठवेल तेवढं सगळं. मग तिनं गुंडाळी उघडली. अख्खा फोटो टेबलावर पसरला. वाकलेल्या बहिणीचा अर्धा चेहरा, मांडीवरचे बूट, गालाकडे गेलेला हात. लव्हनेस त्या अर्ध्या चेहऱ्यावर बोट फिरवत फार वेळ बसून राहिली. वैभवी निघाली तेव्हा क्षमा केली असं ती म्हणाली नाही. "पोचलीस की फोन कर," एवढंच म्हणाली.

वर्षं गेली. आईमागे तामांडाला सांभाळणारी मलावीतली आजी थकली, आणि पुष्कळ खटपटीनंतर लव्हनेसनं तामांडाला लेस्टरला आणलं. तोवर वैभवीनं डिजिटल कॅमेरा घेतला होता. माझा पडदा अडकायला लागला होता, कडेनं उजेड आत शिरायचा. दुरुस्त करणारेही उरले नव्हते. वैभवी शाळांचे फोटो काढत होती, पण पोस्टरसाठी तिनं पुन्हा कोणाचा फोटो काढला नाही.

एका उन्हाळ्यात लव्हनेसचा फोन आला. "तामांडाला तुला भेटायचंय. तोच कॅमेरा घेऊन ये."

तामांडा उंच झाली होती. तिच्या इंग्रजीला लेस्टरचा हेल आला होता. भिंतीवर फ्रेममध्ये तो अख्खा फोटो लावलेला होता. तिनं मला हातात घेतलं, उलटून पालटून पाहिलं.

"हाच," ती म्हणाली. मग वैभवीला म्हणाली, "या फोटोत मी रडतेय. दुसरा कुठेय? आम्ही दोघी उभ्या होतो तो? मला आठवतंय. मावशी म्हणाली, तुलाच विचार."

वैभवीनं लव्हनेसकडे पाहिलं. लव्हनेसनं नजर हलवली नाही. हे सांगणं तिनं वैभवीसाठीच ठेवलं होतं.

वैभवी तामांडासमोर खाली बसली. "तो फोटो निघालाच नाही, तामांडा. कॅमेरा रिकामा होता. मला माहीत होतं, तरी मी काढल्यासारखं केलं. मला माफ कर."

तामांडानं माझ्या पाठीची झडप उघडली. आत पाहिलं. खरंच काही नव्हतं. तिनं झडप लावली.

मग तिनं विचारलं, "आईला हे कळलं होतं?"

"नाही," लव्हनेस म्हणाली. "तिला वाटत होतं, फोटो येणार."

"म्हणजे शेवटपर्यंत तिला वाटत होतं की आम्ही दोघी छान उभ्या आहोत?"

"हो बाळा."

"मग बरं," तामांडा म्हणाली. आणि तेव्हा कुठे ती रडली.

वैभवीनं पिशवीतला नवा कॅमेरा काढला नाही. ती नुसती तिच्याजवळ बसून राहिली.

मित्रांनो, मला जपा, माझ्यावर धूळ बसू देऊ नका, असं मी तुम्हाला सांगणार नाही. माझे दिवस झाले. आता तुमच्या प्रत्येकाच्या हातात कॅमेरा येईल, माझ्याहून कितीतरी हुशार. फक्त एवढं ऐका. कोणी केस विंचरून, असतील ते चांगले कपडे घालून, श्वास रोखून तुमच्यासमोर उभं राहिलं, तर ते तुमच्यावर विश्वास टाकत असतं. त्याचं नाव विचारा. त्याला कसं दिसायचंय ते विचारा. त्याच्या शेजारच्या माणसाला कापू नका. आणि बटण दाबण्याआधी आत पाहा, त्याला ठेवून घ्यायला आपल्याकडे जागा आहे ना.